गोळ्यांचं रिकामं पाकीट परदेशात चालत नाही! मुलांकडं निघालेले आई-वडील आणि नोकरीला चाललेली पोरं, दोघांनीही आधी हे वाचा

नेवासा, प्रतिनिधी :

बीपीची नाहीतर शुगरची गोळी संपली की आपण काय करतो? रिकामं पाकीट खिशात घालतो, बाजाराच्या दिवशी मेडिकलवर जातो आणि काउंटरवर ठेवून म्हणतो, "हीच दोन पाकिटं द्या." मेडिकलवाला ओळखीचा असतो. पैसे कमी पडले तर वहीत लिहून ठेवतो. डॉक्टरची चिठ्ठी दोन वर्षांपूर्वीची, तीही रेशनकार्डाच्या पिशवीत घडी पडून फाटलेली. पाकिटावर 'आरएक्स' असं छापलेलं असतं, म्हणजे हे औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, पण ती दोन अक्षरं वाचतंय कोण?

हीच सवय घेऊन माणूस परदेशात जातो आणि तिथं अडकतो. तिकडं रिकामं पाकीट कुणी हातातसुद्धा घेत नाही. आपल्या डॉक्टरची चिठ्ठी दाखवली तरी मेडिकलवाला मान हलवतो, कारण त्याला त्याच्याच देशातल्या डॉक्टरची चिठ्ठी लागते.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझी थोरली आत्या तीन वर्षांपूर्वी मुलाकडं अमेरिकेत गेली. सुनेचं बाळंतपण होतं, सहा महिने राहायचं होतं. बीपीची गोळी सकाळी एक आणि शुगरची दोन वेळा. निघताना घाईत तीन महिन्यांच्याच गोळ्या घेतल्या, बाकीच्या तिकडं घेऊ असं ठरलं. तिसरा महिना संपत आला तेव्हा तिला कळलं की डॉक्टरला दाखवल्याशिवाय गोळी मिळत नाही आणि डॉक्टरची फी डॉलरमध्ये आहे. आत्यानं पोराला काही सांगितलंच नाही. "आधीच बाळंतपणाचा खर्च, त्यात माझं कुठं," असं म्हणून तिनं गोळ्या अर्ध्या करायला सुरुवात केली, मग दिवसाआड केल्या. पाचव्या महिन्यात एका सकाळी तिच्या हातातला चहाचा कप सुटला आणि जीभ जड झाली. अँब्युलन्स आली, दवाखान्यात चार दिवस काढले. बिल किती झालं ते माझा आतेभाऊ आजपर्यंत सांगत नाही. आत्या आता चालती-बोलती आहे, पण उजव्या हातानं तिला भाकरी थापता येत नाही.

यात चूक कुणाची म्हणावी? पोरगं कामात होतं, आत्या भिडस्त, आणि इथं निघताना आम्ही सगळे पापड, लोणचं, कुरडया बांधण्यात गुंतलो होतो. गोळ्यांचा हिशोब कुणी केला नाही. म्हणून हा लेख.

आधी हिशोब, मग बॅग

रोज एक गोळी धरली तरी सहा महिन्यांना १८० गोळ्या होतात. शुगरची दोन वेळा असेल तर ३६०. दहाच्या पाकिटात मोजलं तर नुसत्या शुगरच्याच गोळ्यांची ३६ पाकिटं. एवढं मेडिकलमध्ये एका दिवसात मिळत नाही, आठ-पंधरा दिवस आधी सांगून ठेवावं लागतं. त्यात एक्स्पायरीची तारीख बघा. जास्त गोळ्या एकदम घेतल्या की कधी कधी जवळच्या तारखेचा माल गळ्यात पडतो.

आणि मेडिकलवाल्याला सांगा, पाकीट कात्रीनं कापू नको. आपल्याकडं पाच गोळ्या मागितल्या की तो कापून देतो, त्यात नाव एका तुकड्यावर जातं, तारीख दुसऱ्या. विमानतळावर असले बिननावाचे तुकडे किंवा डबीत भरलेल्या सुट्या गोळ्या सापडल्या तर त्या कशाच्या हे सिद्ध करायला तुमच्याकडं काही राहत नाही. अख्खी पाकिटं, शक्यतो खोक्यासकट, आणि पक्कं बिल. बिलावर 'स्वतः' नको, रुग्णाचं नाव पाहिजे.

नावावरून आठवलं. आमच्या भागात चिठ्ठीवर नुसतं 'आजी, वय ६५' लिहिलेलं मी पाहिलंय. पासपोर्टवर नाव वेगळं, चिठ्ठीवर माहेरचं, आधारवर तिसरंच. चिठ्ठी आणि पत्र दोन्हीवर पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमानं नाव घालून घ्या. आपल्या जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये बदललं, त्यामुळं जुन्या पासपोर्टवर अहमदनगर आणि डॉक्टरच्या नव्या लेटरहेडवर अहिल्यानगर असं होणार. त्यानं काही बिघडत नाही, माणसाचं नाव आणि जन्मतारीख जुळली पाहिजे. पण कुणी विचारलं तर दोन्ही एकच गाव आहे हे सांगता यायला हवं.

डॉक्टरचं पत्र: हाच खरा व्हिसा

जाण्याआधी डॉक्टरकडून इंग्रजीत, लेटरहेडवर एक पत्र घ्यायचं. त्यात काय हवं? रुग्णाचं नाव आणि जन्मतारीख, आजार कोणता आणि कधीपासून, प्रत्येक औषधाचं जेनेरिक नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, बरोबर एकूण किती गोळ्या नेताय, आणि शेवटी डॉक्टरची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक, तारीख. हे सगळं एका पानात बसतं. डॉक्टर म्हणाले "अहो, चिठ्ठी आहे की," तर हट्ट धरा. चिठ्ठीवरचं अक्षर आपल्यालाच लागत नाही, तिकडच्या अधिकाऱ्याला काय लागणार? टाइप करून घ्या.

खेड्यात आपला रोजचा डॉक्टर बरेचदा आयुर्वेदाचा किंवा होमिओपॅथीचा पदवीधर असतो. रात्री-अपरात्री तोच धावून येतो, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण ॲलोपॅथीच्या गोळ्यांचं पत्र एमबीबीएस किंवा एमडी डॉक्टरचं असलेलं बरं. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा शहरातल्या फिजिशियनकडं एकदा जाऊन या. त्या निमित्तानं शुगर, किडनी, ईसीजी तपासून घ्या आणि रिपोर्टची फाइल बरोबर न्या. तिकडचा डॉक्टर आधी रिपोर्ट मागतो. ते नसले की पुन्हा सगळ्या तपासण्या डॉलरमध्ये.

या सगळ्याचे मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि एक प्रत मुलाच्या व्हॉट्सॲपवर टाका.

गोळीचं खरं नाव माहीत करून घ्या

आपण गोळीला कंपनीच्या नावानं ओळखतो. टेल्मा, ग्लायकोमेट, इकोस्प्रिन, थायरोनॉर्म. ही नावं अमेरिकेतल्या किंवा जर्मनीतल्या डॉक्टरला काही सांगत नाहीत. टेल्मा म्हणजे टेल्मिसार्टन, ग्लायकोमेट म्हणजे मेटफॉर्मिन, इकोस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन, थायरोनॉर्म म्हणजे लिव्होथायरॉक्सिन. ही चारही औषधं जगभर मिळतात, फक्त खरं नाव सांगावं लागतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा जनऔषधी केंद्रातून गोळ्या घेणाऱ्यांना हे सोपं जातं, कारण त्या पाकिटावर खरं नावच ठळक असतं.

तिकडंही नावं सगळीकडं सारखी नाहीत. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन होतं. दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल तिथं अल्ब्युटेरॉल म्हणून ओळखलं जातं. माणूस पॅरासिटामॉल मागत बसतो आणि ती गोळी समोरच्या फळीवरच असते.

खरी अडचण वेगळी आहे. आपल्याकडं सर्रास चालणारी काही औषधं तिकडं मिळतच नाहीत. शुगरची टेनेलिग्लिप्टिन आणि व्हिल्डाग्लिप्टिन, बीपीची सिल्निडिपिन ही अमेरिकेत मंजूर नाहीत. पित्ताच्या गोळीबरोबर येणारं डोमपेरिडोनही तिथं मंजूर नाही. पित्तासाठी आपण घेतो ती रॅनिटिडिन अमेरिकेनं २०२० मध्ये बाजारातून काढायला लावली. अंगदुखीची निमसुलाइड अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांपैकी कुठंच विकायला परवानगी नाही. हृदयाची झडप बदललेले बरेच जण रक्त पातळ राहायला असिट्रॉम घेतात. त्यातलं असेनोकुमारॉल अमेरिकेत मिळत नाही, तिथं वॉरफेरिन देतात. हा बदल आपल्या मनानं करायचा नाही, त्यात आयएनआरची तपासणी परत परत करावी लागते.

शिवाय आपल्याकडं एका गोळीत दोन-दोन, तीन-तीन औषधं भरलेली असतात. तिकडं ती बऱ्याचदा सुटी सुटी मिळतात. म्हणून निघण्याच्या दोन-तीन महिने आधी डॉक्टरला सरळ विचारा: "मी अमुक देशात चाललो, ही गोळी तिथं मिळती का? नसेल तर मिळणारी आत्तापासून चालू करा." बदललेली गोळी अंगाला लागते का, हे इथंच घरी कळलेलं बरं.

अमेरिका: तीन महिने आणि सहा महिने

पाहुण्याच्या व्हिसावर गेलेल्या आई-वडिलांना अमेरिकेत साधारण सहा महिने राहायला मिळतं. पण तिथल्या औषध खात्याचा नियम सांगतो, परदेशी पाहुण्यानं स्वतःपुरतं ९० दिवसांचं औषध आणावं. गोंधळ होतो तो इथंच. सहा महिन्यांच्या गोळ्या घेऊन गेलेले आणि कुणी विचारलंही नाही असे लोक भेटतात. पण तपासणीत अडवलं तर तुमची बाजू लंगडी असते.

उरलेल्या तीन महिन्यांसाठी नियमानंच वाट ठेवली आहे. ९० दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या पाहुण्याला घरून औषध मागवता येतं. पार्सलबरोबर पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत, डॉक्टरचं इंग्रजी पत्र आणि चिठ्ठीची प्रत लागते. मेडिकलचं बिलही घाला. झोपेच्या आणि नशेच्या यादीतल्या गोळ्या पार्सलनं पाठवायच्याच नाहीत. पण निव्वळ पार्सलच्या भरवशावर राहू नका. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं कराचे नियम बदलले तेव्हा आपल्या टपाल खात्यानं तिकडची बहुतेक पार्सलं बंद केली होती, ती ऑक्टोबरात परत सुरू झाली. मधल्या काळात ज्यांच्या गोळ्या संपल्या असतील त्यांनी काय केलं असेल?

दुसरी वाट म्हणजे तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी. पोहोचल्यावर पहिल्या महिन्यातच मुलाला सांगून एकदा डॉक्टरला दाखवून ठेवायचं. गोळ्या संपायची वाट बघायची नाही. फीची भीती असते ती खोटी नाही, साध्या भेटीला शंभर डॉलरच्या वर सहज जातात. पण गोळ्या वाटतात तेवढ्या महाग नाहीत. वॉलमार्टनं २००६ मध्ये साध्या जेनेरिक गोळ्या महिन्याला चार डॉलरमध्ये द्यायला सुरुवात केली, मेटफॉर्मिन त्या यादीत आहे. एकदा चिठ्ठी झाली की तीन महिन्यांच्या गोळ्यांना दवाखान्याच्या एका दिवसाइतकेही पैसे लागत नाहीत. उत्पन्न बघून फी कमी करणारी सामुदायिक आरोग्य केंद्रंही तिथं आहेत, मुलांनी आपल्या गावाच्या आसपास शोधून ठेवावीत.

प्रवास विमा काढला म्हणून निर्धास्त राहू नका. पाहुण्यांच्या बहुतेक पॉलिसी जुन्या आजाराच्या रोजच्या गोळ्यांचे पैसे देत नाहीत. एजंट हे आपण होऊन सांगत नाही, विचारावं लागतं.

आई-वडिलांनो, एक विनंती. गोळी अर्धी करू नका. ज्या गोळीच्या नावापुढं 'एसआर' किंवा 'ईआर' आहे ती हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेली असते, मोडली की तिचं कामच बिघडतं. आणि मुलांनो, तुम्ही आईला "गोळ्या आहेत ना?" असं विचारता, ती "आहेत" म्हणते. डबा उघडून मोजा.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचा

आपल्याकडं इन्सुलिनची जी बाटली मिळते तिच्यात एका मिलिलिटरला ४० युनिट असतात. तिच्यासाठी लाल टोपीची ४० ची सिरिंज येते. अमेरिका, युरोप, आखात सगळीकडं एका मिलिलिटरला १०० युनिट असतात आणि सिरिंज नारंगी टोपीची. आता समजा तुम्ही इथली लाल टोपीची सिरिंज नेली आणि तिथल्या बाटलीतून १० च्या खुणेपर्यंत भरलं. अंगात गेले २५ युनिट. शुगर एवढी खाली येऊ शकते की माणूस झोपेतच बेशुद्ध पडतो. उलटं केलं, म्हणजे इथली बाटली आणि तिथली सिरिंज, तर १० च्या जागी चारच युनिट जातात आणि शुगर वाढत राहते. बाटली आणि सिरिंज एकाच देशाची ठेवा. डॉक्टरला विचारून आधीच पेन चालू केला तर हा घोळ राहत नाही, कारण पेनमधलं इन्सुलिन आपल्याकडंही १०० चंच असतं.

इन्सुलिन मोठ्या बॅगेत टाकायचं नाही. ती विमानाच्या पोटात जाते, तिथं ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. हातातल्या पिशवीत ठेवा. पातळ पदार्थाला १०० मिलिलिटरची मर्यादा असते ती औषधाला लागत नाही, पण डॉक्टरचं पत्र दाखवावं लागतं, सुयांसाठी तर हमखास. गोळ्यांचंही तसंच, सगळ्या नाही जमल्या तरी महिनाभराच्या तरी हातातल्या पिशवीत पाहिजेत. मोठी बॅग हरवली तर निदान चालू राहील.

शुगर मोजायचं मशीन इथलंच न्या. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियात शुगरचा आकडा वेगळ्या मापात येतो. तिथं ७ आला म्हणजे आपले १२६, १० म्हणजे १८०. तिथल्या आकड्याला १८ नं गुणायचं. एका ओळखीच्या काकांनी ९ आकडा बघून शुगर संपली समजून गूळ खाल्ला होता. ते आता हसून सांगतात.

आखातात चाललेल्या पोरांनो

दुबई, सौदी, कतार, ओमानकडं ड्रायव्हर, फिटर, नर्स म्हणून जाणाऱ्यांसाठी प्रश्न गोळ्या कमी पडण्याचा नाही, भलत्याच गोळ्या बरोबर असण्याचा आहे. आपल्याकडं साध्या समजल्या जाणाऱ्या काही गोळ्या तिथं अमली पदार्थांच्या यादीत आहेत. अंगदुखीची ट्रामाडॉल. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध. झोपेची अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम. पायाला मुंग्या येतात म्हणून दिलेली प्रीगॅबालिन. (ही शेवटची इंग्लंडमध्येही २०१९ पासून नियंत्रित आहे.) परवानगीशिवाय सापडली तर अटक होते, आणि "मला माहीत नव्हतं" हे तिथं चालत नाही.

खरंच गरज असेल तर संयुक्त अरब अमिरातीत जाण्याआधी तिथल्या सरकारच्या वेबसाइटवर अर्ज करून परवानगी घेता येते. पासपोर्ट, चिठ्ठी, डॉक्टरचं पत्र जोडावं लागतं. साध्या बीपी-शुगरच्या गोळ्यांना परवानगी लागत नाही, चिठ्ठीसह तीन महिन्यांपर्यंतच्या नेता येतात.

दुसरं, दुसऱ्याचं पार्सल घेऊन जाऊ नका. निघायच्या आदल्या दिवशी कुणीतरी येतं, "माझ्या भावाला एवढ्या गोळ्या दे, तो विमानतळावर येईल." ओळख असते, नाही म्हणवत नाही. पण बॅग तुमची, पासपोर्ट तुमचा, तुरुंगही तुमचाच. वाईट वाटलं तरी नाही म्हणा.

तिसरं आपल्या बायकांसाठी: डब्यात खसखस देऊ नका. अनारशावर नाही, मसाल्यात नाही. खसखस अफूच्या बोंडातून येते, म्हणून संयुक्त अरब अमिराती, सौदी आणि सिंगापूरमध्ये तिच्यावर बंदी आहे. आईनं मायेनं दिलेल्या मसाल्यापायी पोरगं अडकायला नको.

आणि आजार लपवू नका. एजंट नाकारील या भीतीनं पोरं शुगर, फिट्स लपवतात, चिठ्ठी बरोबर नेत नाहीत आणि तिथं गेल्यावर कॅम्पमध्ये कुणाला सांगत नाहीत. फिट्सची गोळी दोन दिवस चुकली आणि उंचीवरच्या कामात झटका आला तर काय होईल, सांगायला नको. संयुक्त अरब अमिरातीत जानेवारी २०२५ पासून सगळ्याच अमिरातींमध्ये खासगी कामगाराचा आरोग्य विमा मालकानं काढणं सक्तीचं आहे. पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात विचारा, माझं कार्ड कुठंय? ते दाखवून तिथल्या डॉक्टरकडून चिठ्ठी घ्या.

शिकायला चाललेल्यांसाठी थोडक्यात

इंग्लंडच्या विद्यार्थी व्हिसाबरोबरच आरोग्याचा कर भरावा लागतो, २०२४ पासून वर्षाला ७७६ पौंड. म्हणजे पैसे आधीच गेलेले असतात, तरी कितीतरी पोरं तिथल्या डॉक्टरकडं, ज्याला ते जीपी म्हणतात, नावच नोंदवत नाहीत आणि घरून गोळ्या मागवत बसतात. पोहोचल्यावर लगेच नाव नोंदवा. इंग्लंडमध्ये एका औषधाला ठरलेली रक्कम पडते, २०२४ पासून ९ पौंड ९० पेन्स. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, थायरॉईड कमी असल्याची गोळी कायमची असेल, तर सूट प्रमाणपत्र मिळतं आणि मग सगळीच औषधं फुकट. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये ती कुणालाच विकत घ्यावी लागत नाहीत.

जर्मनीकडं आता आपल्याकडून ओघ वाढतोय. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये तिथल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला तेव्हापासून नर्सिंग झालेल्या मुली भाषेचे क्लास लावताहेत. तिथं विमा सक्तीचा आहे, औषधामागं साधारण ५ ते १० युरो आपल्याला द्यावे लागतात, आणि २०२४ पासून चिठ्ठी कागदावर नाही, विमा कार्डावरच येते. जाताना तीन महिन्यांच्या नेता येतात. पण भारतातून पार्सलनं गोळ्या मागवायला तिथं परवानगी नाही, त्या कस्टममध्येच अडकतात. ऑस्ट्रेलियालाही बरोबर तीन महिन्यांच्या चालतात, कॅनडाला ९० दिवसांच्या. जपानला मात्र एकाच महिन्याच्या, जास्त न्यायच्या तर आधी परवाना.

काढे, भस्मं, पुड्या आणि वैद्यांनी कागदात बांधून दिलेल्या गोळ्या घरीच ठेवा. ऑस्ट्रेलियात बिया-मुळ्या आहेत म्हणून जाहीर कराव्या लागतात, नाहीतर दंड. अमेरिकेत अशा काही औषधांत शिसं सापडल्याचे इशारे तिथल्या आरोग्य खात्यानं दिलेत.

अडकलाच तर

विमानतळावर गोळ्यांवरून थांबवलं तर वाद घालू नका, पत्र आणि बिल पुढं करा. न समजणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही करू नका. भारतीय दूतावासाशी बोलू द्या असं सांगा, हा तुमचा हक्क आहे. दुबईत भारत सरकारचं प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, तिथल्या तिथं फुकट लागणारा नंबर ८०० ४६३४२. गावाकडच्या माणसांना परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या पोर्टलवर मोबाइलवरून तक्रार नोंदवता येते. त्यासाठी पासपोर्टचा नंबर लागतो, म्हणून पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स घरी ठेवूनच निघा.